गाभा गेला कुठे?

"चोर कोण ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही फक्त पुरावा गोळा करा," फोनवर साहेब म्हणाले.

इन्स्पेक्टरबाईंनी रिसीव्हर आदळला. तपासाआधीच निकाल लागलेली केस त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा येत नव्हती.

"आज काय गेलं म्हणे?" हवालदाराने जीप काढता काढता विचारलं.

"महायंत्राचा गाभा."

हवालदाराने शीळ घातली. महायंत्र कुणाला माहीत नव्हतं? साध्या संगणकांना शेकडो वर्षं लागतील अशी गणितं ते चुटकीसरशी सोडवतं, असं सरकारने गेल्या वर्षी जाहीर केलं होतं. चौकाचौकात त्याचे फलक लागले होते. शाळेच्या पुस्तकात धडासुद्धा आला होता.

एकच माणूस पहिल्या दिवसापासून म्हणत होता, की हे सगळं पोकळ आहे. तो एक निवृत्त प्राध्यापक होता. त्याच्या वर्तमानपत्रातल्या पत्रांनी हैराण होऊन शेवटी सरकारने चाचणी जाहीर केली. बाहेरचे तज्ज्ञ बसणार, प्राध्यापक समोरासमोर प्रश्न विचारणार आणि यंत्र उत्तर देणार. चाचणी आज दुपारी होती. आणि गाभा आज सकाळी चोरीला गेला होता.

प्रयोगशाळेच्या दारात सगळ्यांचे बूट ओळीने ठेवलेले होते. आत धूळ चालत नव्हती. खोलीच्या मध्यभागी माणसाएवढी धातूची टाकी उभी होती. बाजूचं जाड झाकण काढून जमिनीवर ठेवलेलं. आत नुसत्या तारा लोंबत होत्या.

संचालक कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून घाम पुसत होते. स्थूल बांधा, फिकट पँट, पायांत नुसते मोजे.

"पहिल्यांदा तुम्हीच पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"हो. मंत्रीसाहेब येणार म्हणून लवकर आलो. बघतो तर झाकण खाली! मी हात घातला आत, पार खांद्यापर्यंत. काही नाही. मग पायच गेले माझे. झाकणाशेजारीच फतकल मारली आणि बोंब ठोकली."

"कोण धावून आलं?"

"आमचे प्रमुख शास्त्रज्ञ. त्यांनीच हाताला धरून खुर्चीत बसवलं. तेव्हापासून इथून हललो नाही. बाई, माझी नोकरी गेली हो!"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. पँटची इस्त्री मोडली होती. एरवी तिच्यावर डाग म्हणून नव्हता.

प्रमुख शास्त्रज्ञ सडपातळ, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. डोळे तारवटलेले.

"गाभा केवढा असतो?"

"नखाएवढा. पण तोच यंत्राचा जीव. त्याला भयंकर थंडीत ठेवावं लागतं. या टाकीपुढे बर्फसुद्धा गरम म्हणायचा."

"मग उघडता कशी?"

"हळूहळू ऊब देत. त्यात दिवस जातात. चोराने मात्र आज पहाटे ती तशीच थंड असताना फोडली. संचालकांची हाक ऐकून मी आलो, तर टाकीभोवती वितळलेल्या बर्फाचं तळं साचलेलं. खाली तारा असतात, म्हणून मीच घाईने पुसून घेतलं."

शेजारच्या खोलीतून एकसारखी घरघर येत होती.

"टाकी थंड ठेवणारा पंप आहे," शास्त्रज्ञ म्हणाले. "त्याला मात्र हात लावू नका. बंद पडला तर उरलंसुरलंही खराब होईल."

हवालदाराला टाकीशेजारी आणखी एक गोष्ट सापडली होती. झाकणाखाली अडकलेलं जुनं शाईचं पेन. प्राध्यापक काल जागा बघायला आले होते आणि पेन त्यांचंच, हे संस्थेतल्या चौघांनी छातीठोकपणे सांगितलं.

"झालं की काम," हवालदार म्हणाला. पंपाच्या खोलीत त्याने बाईंसाठी चहा आणून ठेवला होता. टेबल नव्हतं, म्हणून कप थेट पंपाच्या डोक्यावर. "घ्या. या घरघरीने डोकं उठलं माझं."

बाई कपाकडे बघत राहिल्या. चहावर साय धरली होती, आरशासारखी गुळगुळीत. त्यांनी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"हवालदार, या खोलीला कुलूप लाव. कुणालाही आत सोडायचं नाही."

प्राध्यापकांना साहेबांच्या माणसांनी आधीच ठाण्यात आणून बसवलं होतं. बाहेरच्या बाकावरून त्यांची लेक ताडकन उठली.

"बाबांना औषधाच्या बाटलीचं बूच उघडत नाही, आणि ते टाकी फोडणार? डोकी आहेत की खोकी?"

"मीही तेच विचारतेय," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

प्राध्यापक शांत होते.

"पेन तुमचं?"

"माझंच."

"तिथे कसं गेलं?"

"काल कुणीतरी सहीला मागितलं. दिलं."

"कुणी?"

म्हातारा खिडकीबाहेर बघू लागला. "मास्तरने दिलेलं पेन परत मागितलंय, असं कधी ऐकलंत?"

"सर, तुम्ही इथे कोठडीच्या दारात बसलाय. नाव सांगा."

"नाही आठवत."

"जिभेवर आहे आणि आठवत नाही?"

बाईंचा पारा चढला. वरचे बोलू देत नव्हते आणि हा बोलत नव्हता.

"बरं, यंत्रावर तुमचा विश्वास का नव्हता, एवढं तरी सांगा."

"प्रश्न!" ते पहिल्यांदाच जोरात बोलले. "प्रत्येक प्रात्यक्षिकाचे प्रश्न आदल्या आठवड्यात मागवून घेत. एवढं हुशार यंत्र, त्याला अभ्यासाला सुट्टी कशाला लागते? आज मी प्रश्न खिशातून काढणार होतो."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "अटक दाखवलीत का? बातम्यांत परकीय हात सांगून झालाय."

"सर, जरा तपास तरी—"

"पुरावा आहे ना? मग घोडं अडलं कुठे?"

"पंपावर," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुपारी त्यांनी सगळ्यांना पंपाच्या खोलीत बोलावलं. संचालक, शास्त्रज्ञ, जीपमधून आणलेले प्राध्यापक आणि त्यांची लेक. घरघर चालूच होती. खबर लागून साहेबही धापा टाकत पोचले.

"हा काय तमाशा आहे?"

"पाच मिनिटं द्या, सर." बाई वाकल्या आणि पंपाची जाड वायर त्यांनी भिंतीतून उपटली.

शास्त्रज्ञ ओरडले, "थांबा!"

घरघर थांबली नाही.

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. बाईंनी खुर्चीवर चढून भिंतीवरची जाळी काढली. आत एक काळा स्पीकर घरघरत होता. त्यांनी त्याची वायर ओढली आणि खोली एकदम गप्प झाली.

"सकाळी या पंपावर माझा चहा ठेवला होता. एवढा मोठा पंप चालू आणि सायीला सुरकुती नाही? तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पंप बंद, म्हणजे टाकी थंड नव्हती. कित्येक महिने नसणार."

"पण बर्फाचं तळं?" साहेब म्हणाले.

"ते फक्त एकाच माणसाने पाहिलं. संचालकसाहेब, तुम्ही जमिनीवर बसलात तेव्हा ओलं लागलं?"

संचालकांनी पँट चाचपली. "नाही हो. पाणी कुठे होतं?"

"आणि टाकीत खांद्यापर्यंत हात घातलात. ती आज पहाटे थंड असताना फोडलेली असती, तर कातडी धातूला चिकटली असती. तुमच्या हाताला फोडसुद्धा नाही. तुम्ही खोटं रचत असता, तर थंडी आधी सांगितली असती. तुम्ही फायली बघणारे, तुम्हाला ती ठाऊकच नव्हती, म्हणजे तुम्हीही फसलात." बाई वळल्या. "थंडी ठाऊक होती ती तुम्हाला, शास्त्रज्ञसाहेब. बर्फाचं नाटक आधी मांडून, नंतर चोरी तुम्ही स्वतः उघडकीला आणणार होतात. संचालक लवकर आले आणि घोटाळा झाला. म्हणून बर्फ तोंडी वितळवावा लागला."

शास्त्रज्ञांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कशाला चोरी करीन? यंत्र माझंच आहे!"

"म्हणूनच. आज प्रश्न समोरून येणार होता. आधी मागवलेल्यांतले आठवड्यात सुटण्याजोगे प्रश्न निवडून तुम्ही साध्या संगणकांवर सोडवून ठेवत होतात. आज पितळ उघडं पडलं असतं. चोरी झाली तर यंत्र खरंच राहतं आणि शंका घेणारा तुरुंगात जातो. एका दगडात दोन पक्षी. पेन काल तुम्हीच मागून घेतलंत. सर नाव सांगत नव्हते, तेव्हा कळलं. परक्या माणसाला कुणी एवढं पाठीशी घालत नाही. तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना?"

शास्त्रज्ञांनी प्राध्यापकांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मग वरच्या खिशातून एक डबी काढून बाईंच्या हातावर ठेवली. आत नखाएवढा तुकडा होता, कडेला काळा पडलेला.

"पहिल्याच महिन्यात जळला," ते पुटपुटले. "त्याआधी दोन छोटी गणितं जमली होती, सर. खरंच जमली होती. मी कळवलं, थोडं जमलंय. संचालकांनी वर कळवलं, बरंच जमलंय. मंत्रालयाने जाहीर केलं, जगात पहिलं. नंतर मी संचालकांना आणि मंत्रालयाला सांगायला गेलो, की पंप बसलाय, गाभा जळलाय. दोघांनीही दार लावून घेतलं आणि पुढच्या प्रात्यक्षिकाची तारीख दिली."

संचालक जमिनीकडे बघू लागले. "मला वाटलं, हे नेहमीप्रमाणे जास्त निधी मागतायत. म्हणून ऐकूनच घेतलं नाही," ते ओशाळून म्हणाले.

"माझ्याकडे यायचं होतंस," प्राध्यापक म्हणाले. "न जमलेलं गणित घेऊन तू आधी माझ्याकडेच यायचास."

शास्त्रज्ञ हुंदके देऊ लागले. लेकीने मात्र तोंड फिरवलं. "रडा. माझे बाबा कोठडीत रडले असते."

साहेबांनी बाईंना बाजूला घेतलं. "चोर पकडलात, उत्तम. बाकीचं बाहेर बोलायचं नाही."

"बाकीचं म्हणजेच गुन्हा आहे, सर."

"बदली हवी आहे का?"

बाई पायऱ्या उतरल्या. खाली कॅमेरे वाट बघत होते. त्या सरळ त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि स्वच्छ शब्दांत बोलल्या. प्राध्यापक निर्दोष आहेत. गाभा सापडला, पण तो जळलेला आहे. यंत्र एकदासुद्धा सांगितल्याप्रमाणे चाललेलं नाही.

संध्याकाळी ठाण्यातल्या टीव्हीवर त्यांचा चेहरा दिसला. "गाभा सापडला," एवढं बोलून तो थांबला. पुढचं कापलं होतं. मग निवेदिका हसून म्हणाली, "पोलिसांची दमदार कामगिरी! महायंत्र लवकरच पुन्हा देशाच्या सेवेत."

हवालदाराने टीव्ही बंद केला. "बाई, भिंतीवर डोकं आपटायचं असेल तर मी बाहेर थांबतो."

बाईंनी फोन पुढे ओढला आणि प्राध्यापकांची पत्रं छापणाऱ्या वर्तमानपत्राचा नंबर फिरवला. पलीकडून एक कंटाळलेला आवाज म्हणाला, "त्या विषयावर आज जागा नाही. उद्या बघू."

"उद्या मी या ठाण्यात नसेन," बाई म्हणाल्या. "पेन घ्या आणि लिहा. मी सावकाश सांगते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सांगा," तो म्हणाला.