दसऱ्यानंतर आयन धावेनात

"मी खोटारडी नाही," संघमित्रा खुर्चीत कोसळत म्हणाली. "पण आज संध्याकाळपासून होणार आहे."

गुप्तहेर रुचिराने जांभई दिली. मालाडच्या त्या ऑफिसात कामाची सुरुवात जांभईनेच व्हायची. तिचा सहकारी श्रेयस पेन शोधत राहिला.

संघमित्रा साकीनाक्याच्या एका गाळ्यातल्या खासगी लेझर प्रयोगशाळेत संशोधक होती. हवा काढलेल्या बंद चेंबरमध्ये केसाएवढ्या भोकाच्या नॉझलमधून हेलियमचा झोत सोडायचा, त्यावर लेझरचा झटका मारायचा, की आयन सुसाट सुटतात. गेल्या महिन्यात सुटले. दसऱ्यानंतर एकही नाही.

"आमचे प्रमुख चंद्रप्रकाश सर म्हणतात, आधीचे आकडे मी बनवले. संध्याकाळी निधी देणाऱ्या समितीला कळवतील. मग मला दारात कोण उभं करणार?"

"चेंबर उघडून बघितलं?" रुचिराने विचारलं.

"दीक्षाभूमीला जाताना चावी सरांच्या टेबलावर ठेवली. मी नागपूरहून परत आले, तर सर म्हणाले, आता हात लावायचा नाही."

तिघं साकीनाक्याला पोचली. गाळ्यात खंडेनवमीची पूजा झालेली दिसत होती. लेझरवर कुंकवाचा टिळा, पंपावर टिळा, चहाच्या किटलीवर टिळा. 'अंधश्रद्धा टाळा' या पाटीवरही टिळा.

"मीच लावले," तंत्रज्ञ सीताराम म्हणाला. "चेंबरवर पेढा ठेवला. टपरीवरून चहा घेऊन येतो तर मुंग्या! झटकून खाल्ला. सरांका सांगू नकात हां, तेंका म्हायत नाय."

"आत नॉझलला टिळा?"

"छ्या! नोकरी जायची."

श्रेयस कुजबुजला, "हाच. चेहरा बघ ना."

"सोमवारी सगळ्यांचा तसाच असतो रे."

प्रयोगशाळेचे प्रमुख चंद्रप्रकाश सर आतल्या केबिनमध्ये हात बांधून उभे होते. "पूजेच्या दिवशी मी इकडे फिरकलोच नाही. चेंबरवर पेढे ठेवणाऱ्यांत विज्ञान काय रुजणार, मॅडम?"

"चेंबर उघडा," रुचिरा म्हणाली.

आत सगळं लेझरच्या झटक्यांनी काळवंडलेलं होतं. नॉझलचं तोंड तेवढं चकचकीत. संघमित्राने ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. भोकात लाल गाळ घट्ट बसला होता.

"कुंकू! सीताराम!" श्रेयस ओरडला.

रुचिरा स्टुलावर टेकली. "सीतारामने किटलीवरचाही टिळा पुसला नाही. पुसला गेला फक्त हा. टिळ्याची लाज वाटते तोच पुसतो. ओल्या रुमालाने पुसला, कुंकू भोकात गेलं. आणि सर, पेढा चेंबरवर होता तो सीताराम चहा घेऊन येईपर्यंतच. तुम्ही फिरकलाच नाहीत, तर तुम्हाला दिसला कसा?"

सरांनी पंपावरच्या टिळ्याला बोट लावलं.

"समिती येणार होती. सगळ्याला टिळे होते, मुख्य गोष्टच राहिलेली, म्हणून मीच नॉझलला लावला आणि लगेच पुसला. आयुष्यभर मी याविरुद्ध भाषणं दिली हो."

"आणि ढकललंत हिच्यावर?"

"नॉझल तुंबलं असणार, हे कळत होतं. पण चेंबर उघडलं असतं तर टिळा सांगावा लागला असता."

"आता सांगा."

"अहवालात धूळ लिहू या का?"

संघमित्राने फोन त्यांच्यापुढे सरकवला. शेवटी सरांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला आणि भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणाले, "नमस्कार, जरा बोलायचं होतं..."

संघमित्राने खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली.

"स्पीकरवर ठेवा, सर."