एको बंद असताना

बसा इथे, दिव्याजवळ. या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे भर दुपारीही दिवा लावावा लागतो. उद्यापासून या खुर्चीवर तुम्ही बसणार म्हणून सांगते, नाहीतर ही गोष्ट मी आमच्या वहिनीलासुद्धा सांगितलेली नाही. आणि मध्ये हसायचं नाही हं. कोणी हसलं की माझं टाळकं सरकतं.

काम तसं सोपं. हा पडदा, हा कीबोर्ड. यातून एक तार निघते, भिंतीतून सत्तर पायऱ्या खाली बोगद्यात जाते आणि तिथल्या एका लोखंडी डब्यात शिरते. आपण इथून हुकूम टाइप करायचा, डबा झडप उघडतो, बोगद्यातून पाणी शहराकडे सुटतं. डब्याला बोलता येतं ते एवढंच, झालं किंवा नाही झालं. खाली कीबोर्डही नाही आणि पडदाही नाही, हे लक्षात ठेवा.

आता या दोघांचं जुळायला सेटिंग लागतं. त्याचा हुकूम एसटीटीवाय. तारेचा वेग त्यानं ठरतो, आणि एकोही. एको म्हणजे आपण दाबलेलं अक्षर आपल्याला दिसणं. एको बंद असला की तुम्ही आख्खं पुस्तक टाइप करा, पडदा आपला कोरा. दिसेल ते फक्त पलीकडून आलेलं. पासवर्ड विचारताना प्रोग्राम स्वतःच एको बंद करतो आणि नंतर चालू करतो. पण पासवर्ड चुकला म्हणून वैतागून मध्येच कंट्रोल-सी मारलंत, तर तो बंदच राहतो. मग न बघता 'एसटीटीवाय सेन' टाइप करायचं, एंटर मारायचं, की सगळं पूर्ववत. शहाणी माणसं हे करतात. मी करत नव्हते. मला न बघता टाइप करता येतं, याचा कोण तोरा होता मला!

त्या दिवशी बोगदा कोरडा होता. झडपेचे बोल्ट बदलायला तिघं खाली गेले होते. मुकादम, वेल्डर आणि आमचा दादा. दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, इथेच फिटर. आमच्याकडे पद्धत अशी, की खाली जाताना आपला पितळी बिल्ला फळीवरून काढून खिशात टाकायचा आणि वर आलं की परत टांगायचा. फळी भरलेली दिसली की बोगदा रिकामा. त्यावर पाणी सोडायचं, दुसरं काही विचारायचं नाही.

पावणेतीनला मी फळी बघितली. तिन्ही बिल्ले जागेवर. बाहेर मुकादम आणि वेल्डर हात धूत होते.

"दादा कुठाय?" मी सहज विचारलं.

"आत्ता तर होता इथे. गेला असेल विडी ओढायला. तुमच्या धाकानं लपून ओढतो बिचारा," वेल्डर म्हणाला आणि दोघं हसले.

मीही हसले. खरंच लपून ओढायचा तो. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. हॉस्पिटलची टाकी तळाला गेलीय, तीन म्हणजे तीनला पाणी सुटलंच पाहिजे, उशीर झाला तर तुमची खैर नाही. मी तणतणत खुर्चीत बसले. घाईत पासवर्ड चुकला. कंट्रोल-सी मारलं, पुन्हा आत शिरले. एको गेला होता, पण म्हटलं मरू दे, एवढा एक तर हुकूम आहे. न बघता झडप उघडायचा हुकूम टाइप केला. पडदा काळा, कोरा. बोट एंटरवर नेलं.

आणि पडद्यावर एक अक्षर उमटलं.

मी बोट तसंच धरून ठेवलं. मग दुसरं उमटलं. तिसरं. कोणीतरी एका बोटानं शोधून शोधून दाबावं तसं, सावकाश. अक्षरं इंग्रजी, भाषा आपली. 'थांब.'

पहिल्यांदा मला रागच आला. तारेचा वेग जुळत नसला की असा कचरा येतो. म्हणून पडद्यावरच दुसरी चौकट उघडून सेटिंग तपासलं. वेग बरोबर, बाकी सगळं बरोबर, एको बंद. म्हणजे हे माझ्या कीबोर्डवरून आलेलंच नव्हतं. खोलीत कसलाच आवाज नव्हता, नुसता पंखा. आणि ओल्या सिमेंटचा वास यायला लागला, सत्तर पायऱ्या खालचा वास, इथे वर.

पुढची ओळ आली. 'एक.' मग ती थांबली. मग बाई, माझ्या डोळ्यांदेखत ती दोन्ही अक्षरं मागून पुढे एकेक करून पुसली गेली. आणि त्या जागी आलं, 'दोन खाली.'

कचरा कितीही विचित्र येऊ दे, तो स्वतःची चूक खोडून दुरुस्त करत नाही. मी बोट उचललं, हुकूम पुसला आणि बाहेर धावत सुटले. चप्पल कुठे राहिली ते आजही आठवत नाही.

"दादा खाली आहे!" मी ओरडले.

"अहो, बिल्ला आहे ना त्याचा..." मुकादम म्हणाला.

"खड्ड्यात गेला तुमचा बिल्ला! दार उघडा आधी!"

बोगद्याचं लोखंडी दार आपोआप मिटतं आणि बाहेरूनच उघडतं. मुकादमानं कडी काढली. बॅटरी घेऊन आम्ही तिघं उतरलो. मी पायऱ्या मोजत नव्हते, तोंडानं नुसतं "दादा, दादा" चाललं होतं. खालून काहीच येईना. आईला काय सांगू, वहिनीला काय सांगू, माझ्याच हातानं... एवढंच डोक्यात.

शेवटच्या वळणावर त्याचा आवाज आला, घोगरा. "कोण आहे रे? मेलो इथे ओरडून ओरडून!"

सांगते तुम्हाला, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकलेला नाही. तळाच्या जाळीत त्याचा पाय घोट्यापर्यंत अडकला होता. वर येऊन बिल्ला टांगल्यावर याला आठवलं, की पाना खालीच राहिला. झटकन घेऊन येतो म्हणून बिल्ला न काढता परत उतरला. मागे दार मिटलं. हातातली बॅटरी पडून फुटली. वीस मिनिटं अंधारात झडपेकडे तोंड करून बसला होता, आणि त्याला तीनची वेळ ठाऊक होती.

वेल्डरनं जाळीची पट्टी वाकवली. पाय सुटला. मी दादाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून भोकाड पसरलं.

"अगं ठमे, पाय मोडलाय माझा, पाठ कशाला मोडतेस?" तो म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते, पण बोलणं तसंच, उर्मट.

"तुझ्याबरोबर आणखी कोण आहे?" मी विचारलं.

"आणखी कोण असणार?"

"दोन जण खाली आहेत म्हणून..."

मुकादमानं माझ्याकडे बघितलं. बॅटरी घेऊन तो बोगद्याच्या टोकापर्यंत गेला, डब्याचं झाकण उघडून बघितलं, जाळीखाली वाकून बघितलं. परत आला. "कोणी नाही," म्हणाला. "चला वर. इथे जास्त थांबायचं नाही." त्याचा आवाज खाली आला होता. आम्ही दादाला उचललं आणि निघालो. दोघांनी त्याला धरलेलं, माझ्या हातात बॅटरी आणि त्याचा पाना, त्यामुळे दार ओढून घ्यायला कोणाचा हात मोकळा नव्हता. ते सताड उघडंच राहिलं, मुकादमानं खाली वीट लावली होती.

वर उन्हात दादाला बाकावर निजवलं. डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी पाय दाबून बघितला, मोडलेला नाही, मुरगळलाय म्हणाले. जीव भांड्यात पडला. मुकादमानं चहा मागवला. दादानं सगळ्यांच्या देखत विडी मागितली आणि त्या दिवशी मी स्वतः पेटवून दिली. हसत होतो आम्ही सगळे, वेड्यासारखे. असं सुख पुन्हा मिळायचं नाही. कोणी गेलं नव्हतं, कोणाला काही सांगायला जायचं नव्हतं.

मग साहेबांचा पुन्हा फोन. हॉस्पिटल खोळंबलेलं. मुकादमानं सगळ्यांना उभं करून डोकी मोजली, बिल्ल्यांवर विसंबला नाही. सगळे वर. मी एकटीच या खोलीत आले.

एको अजून बंदच होता. 'थांब' आणि 'दोन खाली' तिथंच होतं. त्याच्याखाली एक नवी ओळ होती.

'मीपण आलो वर. सोड पाणी.'

मी सोडलं. काय करणार, हॉस्पिटल थांबलं होतं. डब्यानं 'झालं' कळवलं. मग मी एको चालू केला, आणि तेव्हापासून त्या तारेवरून 'झालं', 'नाही झालं' याच्यापलीकडे एक अक्षर आलेलं नाही. खाली आता कोणी नाही, याची मला खात्री आहे. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते, डोकी मोजल्याशिवाय पाणी सोडू नका. खालून सांगणारा तिथे राहिलेला नाही.

आणि ओल्या सिमेंटचा वास येतोय म्हणून मघापासून तुम्ही भिंतीकडे बघताय ना? भिंत कोरडी आहे. हात लावून बघा.