निळ्या वायरचं टोक

टेबलाखालून बाहेर येताना माझं डोकं दाणकन आपटलं आणि वरून आवाज आला, “टेबलाला लागलं नाही ना?”

चष्मा, विस्कटलेले केस, छातीशी चार पुस्तकं. वाचनालयाचा ग्रंथपाल! मी चिडले… आणि हसलेही.

खरं तर हसायची वेळ नव्हती. मामांच्या कंपनीत मी एकटीनं केलेली ही कॉम्प्युटरची पहिलीच जोडणी. आज महिन्याची तपासणी, आणि सकाळपासून सगळे कॉम्प्युटर ठप्प! चारला मामा येणार होते. तोवर जमलं नाही तर उद्यापासून ऑफिसात फोन उचलायचे, असं त्यांनी बजावलं होतं.

तो शेजारीच फतकल मारून बसला. “एवढ्या वायरी जातात तरी कुठे?”

“सगळ्या या डब्यात. याला स्विच म्हणतात. प्रत्येक कॉम्प्युटरची वायर वेगळी, म्हणून एक बिघडला तरी बाकीचे चालतात. कुणाचा निरोप कुणाला द्यायचा, ते हा बघतो.”

“आणि… निरोप द्यायचं धाडसच होत नसेल तर?”

इतक्या साळसूदपणे विचारलं, की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हरच सुटला.

“ते ज्याचं त्यानं बघायचं,” मी म्हटलं. गाल का तापले, कुणास ठाऊक!

साडेतीन वाजले. एकेक कॉम्प्युटर तपासून झाला, रडू यायचंच बाकी होतं. तेव्हा कुठे लक्ष गेलं — स्विचवरचे सगळे दिवे एकदमच पिसाटल्यासारखे लुकलुकत होते.

“अहो, निरोप गोल गोल फिरतायत! थांबायचं नाव नाही, म्हणून बाकीच्यांना वाटच मिळत नाहीये.”

मी एकेक वायर चाचपत गेले. एक निळी वायर स्विचमधून निघून त्याच स्विचमध्ये परत शिरली होती.

“हे कुणी केलं?”

त्याचे कान लाल झाले. “मी… सकाळी. एक टोक लोंबकळत होतं. मागच्या महिन्यात आमचा पसारा बघून तुम्ही कपाळाला हात लावला होता. म्हटलं, आज तुम्ही येणार, तर… जरा बरं दिसावं.”

मागच्या महिन्यात! मी तर याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

मी टोक उपसलं. दिवे शांत झाले, कॉम्प्युटर सुरू झाले, आणि दारात मामा हजर.

“काय गं, काय झालं होतं?”

खरं सांगावं तर याची खरडपट्टी निघणार. “माझीच चूक, मामा. एका वायरीचं टोक मी भलतीकडेच खुपसलं होतं.”

“साफ खोटं!” तो ताडकन उठला. “ते टोक मी खुपसलं. यांच्यावर छाप पाडायला गेलो आणि सगळंच बंद पाडलं.”

मामांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. “आणि बिघाड शोधला कुणी?”

“यांनी.”

“मग इथलं काम यापुढेही हिचंच. मी गाडीत बसतो. दहा मिनिटांत ये गं.” मामा मिशीतल्या मिशीत हसत निघून गेले.

“म्हणजे आता… पुढच्या महिन्यातच याल?” त्यानं हळूच विचारलं.

“छे!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. मला राहवेना.

“उद्या येईन. वाचनालय बंद झाल्यावर, फिरायला. आवडलात तुम्ही मला.”

तो हातातली पुस्तकं तशीच जमिनीवर ठेवून म्हणाला, “महिनाभर आरशासमोर हेच वाक्य घोकतोय मी… आणि तुम्ही म्हणूनसुद्धा टाकलंत!”