सत्तेचाळीस नंबरचं यंत्र

सोमवारी सकाळी लेस्टरच्या एका हॉस्पिटलातून फोन आला. रक्तातली साखर मोजायची नवी यंत्रं निम्मीच साखर दाखवत होती, इथल्या मापात अठराऐवजी नऊ. नर्सला शंका आली म्हणून पेशंट वाचला.

ती यंत्रं बनवणाऱ्या मेडनहेडच्या कंपनीत दुपारपर्यंत बळीचा बकरा ठरलासुद्धा. कस्तुरी, नागपूरची, वर्क परमिटवर आलेली. सत्तेचाळीस नंबरचा नमुना तपासून अख्खा लॉट पास केला, त्या रिपोर्टवर सही तिची. रिपोर्ट बनावट असल्याचा ठपका, चार वाजता एचआरची मीटिंग. नोकरी गेली की परमिट गेलं आणि गाशा गुंडाळायचा.

लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या सुप्रभाताईंचं डोकं फिरलं. इतका फटाफट न्याय? त्यांनी कस्तुरीला समोर बसवलं.

"टेस्ट खोटी केलीस?"

"नाही, ताई. शुक्रवारी तीनला टेस्टची आपोआप चालणारी स्क्रिप्ट सुरू केली. ती यूएसबीला लावलेल्या यंत्राला आधी नंबर विचारते. सत्तेचाळीस आला, तेव्हाच पुढे गेली."

"पुन्हा कधी विचारते?"

कस्तुरीचा चेहरा उतरला. "नाही विचारत. मग त्या पोर्टला जे असेल, ते सत्तेचाळीसच धरते."

"तू तिथेच होतीस?"

"तीन पाच ते तीन पंचवीस किचनमध्ये. चहाची पाळी माझी होती."

पाळी ज्याची, त्याने अख्ख्या टीमला चहा करायचा, ही इथली रीत. सुप्रभाताईंनी चौघांना विचारलं. चौघांनाही तो चहा चांगलाच आठवत होता. पोरीने आठही कप मायक्रोवेव्हमध्ये आपल्यासारखे दूध-साखर घालून उकळले होते, आणि ती वीस मिनिटं तिथून हलली नव्हती.

मग मॅनेजर अनुप. त्यानेच कस्तुरीला इथे आणलं होतं. ती त्याला दादा म्हणायची, रविवारी त्याच्याकडे वैजयंतीवहिनींच्या हातचं जेवायची. पोरीने घाई केली, असं म्हणून तो हळहळला. सुप्रभाताईंनी एवढंच विचारलं, की जुन्या, बरोबर चालणाऱ्या यंत्रांपैकी काही उरलंय का. एकच, बारा नंबरचं, तो म्हणाला. डेमोसाठी बुधवारी त्याने स्वतः ते लेस्टरला नेलं होतं, आणि आज सकाळपर्यंत ते तिथेच होतं.

सुप्रभाताई टेस्टच्या कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. चार वाजता एक छापील कागद घेऊन मीटिंगमध्ये शिरल्या आणि एचआरच्या बाईंना त्यांनी सगळं इंग्रजीत समजावलं. कॉम्प्युटरला एखादं यंत्र पहिल्यांदाच जोडलं, की तो त्याचा नंबर आणि वेळ स्वतःच लिहून ठेवतो. शुक्रवारी तीन वाजून बारा मिनिटांनी टेस्टच्याच पोर्टला एक नवं यंत्र आलं होतं. नंबर बारा. नंबर विचारून झाल्यावर कुणीतरी सत्तेचाळीस काढून बारा लावलं, आणि चांगल्या यंत्राचे आकडे खराब यंत्राच्या नावावर चढले. तेव्हा कस्तुरी किचनमध्ये होती.

मग त्या मराठीत अनुपकडे वळल्या.

"बारा नंबर तूच नेलंस, आणि ते लेस्टरलाच होतं असं तूच म्हणालास. मग शुक्रवारी ते इथे कसं आलं?"

अनुपने एचआरच्या बाईंकडे वळून इंग्रजीत कबूल केलं, की यंत्र त्यानेच बदललं. शुक्रवारी माल गेला नसता, तर त्याची खुर्ची गेली असती.

"पण दादा, सही माझी होती," कस्तुरी म्हणाली.

"तुला परत जायला घर आहे," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "माझी मुलं इथल्या शाळेत आहेत."

एचआरच्या बाईंनी कस्तुरीला कामावरून काढायचं पत्र मागे घेतलं. तिची नोकरी वाचली, पण तिला आनंद म्हणून झाला नाही. इतका कडवट दिवस तिने या देशात पाहिला नव्हता.

कार पार्कमध्ये अनुपने तिला गाठलं. वैजयंतीला यातलं काही सांगू नकोस, म्हणाला.

"मी नाही सांगणार," कस्तुरी म्हणाली. "सात महिने वहिनींच्या हातचं जेवलेय. तुम्हीच सांगा."