पोटावरचा बॅज

दातांच्या दवाखान्यातलं एक्स-रे मशीन तपासणं म्हणजे त्या तपासनीस तरुणीच्या हातचा मळ होता. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडल्यापासून तिने अशा कितीतरी खोल्या पालथ्या घातल्या होत्या. इथेही भिंत पुरेशी जाड होती, दारालगतची शिशाची काच शाबूत होती. सगळं चोख. फक्त एका बॅजचा आकडा बसत नव्हता.

डॉक्टरांच्या मदतीला त्यांची वहिनी असायची. तिला सहावा महिना लागला होता. अंगावर किती किरण आले ते मोजणारे दोन बॅज ती लावायची, एक छातीशी आणि बाळासाठी एक पोटावर. छातीचा कोरा निघाला होता. पोटावरच्याने मर्यादा ओलांडली होती.

"बॅज आत खुर्चीवर विसरला असणार," तपासनीस म्हणाली. "बहुतेक ठिकाणी हेच निघतं."

"विसरायचं खातं भाऊजींकडे आहे, माझ्याकडे नाही."

डॉक्टर ओशाळून हसले. वहिनी हसली नाही. "ताई, बाळाला काही झालं नसेल ना?"

"ते कळल्याशिवाय मी इथून हलत नाही. सेन्सर कोण धरतं?"

दीर-भावजयींनी एकमेकांकडे पाहिलं. चोरी पकडली गेली होती. लहान मुलं फोटो टिपणारा सेन्सर तोंडात नीट ठेवत नाहीत, म्हणून वहिनी आत थांबून तो बोटांनी धरायची. सक्त मनाई असलेली, तरी सर्रास होणारी चूक.

"पण दिवस राहिल्यापासून नाही हो! काचेमागून पाऊल हलवत नाही मी."

"मग आता मुलांचं काय करता?"

"काहीच नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "पोरं रडतात, तंगड्या झाडतात, पण सेन्सर तसूभर सरकत नाही. मशीनलाच आमची दया आली म्हणायची."

तिने खुर्चीत रुग्णाच्या डोक्याच्या जागी पाण्याची बाटली ठेवली, तिला टेकवून चपटा सेन्सर उभा केला. तिघंही काचेमागे आली. दार लावलं. बटण दाबताच बारीक शिटी वाजली आणि थांबली.

पडद्यावर बाटलीची करडी सावली उमटली. कडेला काहीतरी पांढरं होतं.

आधीच्या कुठल्या तरी फोटोचा डाग असेल, तिने ठरवलं. जुनी चित्रं पुसली. पुन्हा बटण दाबलं.

या वेळी स्पष्ट दिसलं. सेन्सरची कड धरलेली दोन बोटं. हाडं तांदळाच्या कणीएवढी, मधल्या फटी अजून न भरलेल्या.

वहिनीला दिसायच्या आत तिने पडदा वळवला.

"सोपं आहे," ती म्हणाली. आवाज ठाम होता. "अंतरासारखी दुसरी भिंत नाही. बाळंतपण होईपर्यंत या खोलीच्या आसपास फिरकायचं नाही. आत्ताच घरी जा."

ती आत गेली, इकडेतिकडे न बघता बाटली उचलून पिशवीत टाकली आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

वहिनी पर्स घेऊन निघाली आणि उंबऱ्यातच थांबली. तळहात पोटावर होता.

"शिटी वाजली की हे अगदी गप्प होतं बघा. आत नसल्यासारखं. थांबली की लगेच लाथ."

"शिटीचा आवाज ऐकत असेल," डॉक्टर म्हणाले.

"आत्ता अजून मारली नाही."



तपासनिसाने काचेतून आत पाहिलं. रिकाम्या खुर्चीत, कशालाही न टेकता, सेन्सर अजून उभा होता.