टाकीतली हवा

बटण दाबलं की मोटर घुंऽऽ करायची, क्षणभर थरथरायची आणि भिंतीवरचा ब्रेकर (वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली की आपोआप पडून ती तोडणारी कळ) खट्‌कन पडायचा. ब्रेकर वर करा, पुन्हा बटण दाबा. पुन्हा घुंऽऽ, पुन्हा खट्. इतकी वर्षं बिनतक्रार चाललेलं यंत्र एकाएकी असं का रुसून बसावं?

आई होती तोवर ते चालत होतं. म्हणून मला त्याचा जास्तच राग येई.

आमचं वर्कशॉप उजनीच्या फुगवट्याच्या (धरणामागे पसरलेल्या पाण्याच्या) काठावर आहे. आता इथल्या सगळ्या नावा उन्हावर चालतात. त्यांच्या छपरावरचे सौरपट्टे दुरुस्त करायचे आणि नावा रंगवायच्या, हे आईचं काम. रंग फवारायला लागणारी हवा कोपऱ्यातला जुना कंप्रेसर (हवा दाबून लोखंडी टाकीत भरणारा पंप) पुरवायचा. एका संध्याकाळी आईने टाकी भरून ठेवली, सकाळी लवकर काम सुरू करायचं म्हणून. रात्री तिला ताप चढला. ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

टाकीवरच्या दाबमापकाचा काटा मात्र आठवरच होता. आत आईने भरलेली हवा होती. शाळेतून आले की मी आधी तो काटा बघायची, टाकीवर तळहात ठेवायची आणि मगच घरात जायची. वेडेपणा म्हणा हवं तर.

त्या रविवारी ओंकारमामा आला. आईचा धाकटा भाऊ, तिला आक्का म्हणणारा. त्याने दोनदा बटण दाबलं, दोनदा ब्रेकर पडला. "मोटर जळालीय पोरी," तो म्हणाला. "दुपारी टेम्पो आणतो, भंगारात घालू. उगं डोळ्यांम्होरं ठिवून रडत बसायचं का रोज?"

मामा वाईट नाही हो. त्यालाच ते यंत्र बघवत नव्हतं.

मी धावत आजोबांकडे गेले. माझे आजोबा म्हणजे आईचे वडील. त्यांनी जन्मभर अंतराळयानांच्या मोटरी बनवल्या. एरवी काही बिघडलं की ते घरात लग्न असल्यासारखे खुलतात. त्या दिवशी मात्र हळूच म्हणाले, "तूच शोध, कस्तुरी. मी बसतो जवळ." आणि खरंच खुर्ची ओढून बसले. सोबतीला आमचा यंत्रमानव खटपट्या होता. हे नाव आईनेच ठेवलेलं.

"सुरुवात कुठून करू?"

"जोडलेलं एकेक सुटं कर. सगळे घोळक्यात असताना चोर सापडत नसतो."

मी मेन स्विच बंद केला. मग मोटर आणि पंप यांना जोडणारा पट्टा काढला. स्विच चालू करून बटण दाबलं. मोटर झर्रकन फिरली! ब्रेकर जागचा हलला नाही. म्हणजे तारा ठीक, ब्रेकर ठीक, मोटरही ठीक. मी टाळ्या पिटल्या. आजोबा हसले नाहीत.

"पहिल्या क्षणी साठ अँपियर," खटपट्याने तारेभोवतीचा, प्रवाह मोजायचा चिमटा काढत सांगितलं. (अँपियर म्हणजे विजेचा प्रवाह मोजायचं माप.) "आता फक्त पाच."

"साठ? मग ब्रेकर पडला कसा नाही?"

आता आजोबांना राहवेना. "थांबलेली मोटर पहिल्या क्षणी वीज भसाभसा ओढते, कारण अडवणारं कोणी नसतं. फिरू लागली की ती स्वतःच थोडी वीज तयार करते, आणि ती बाहेरून येणाऱ्या विजेला उलट ढकलते. वेग वाढतो तसा हा उलटा दाब वाढतो आणि प्रवाह कमी होतो. क्षणभराची हाव ब्रेकर चालवून घेतो. पण समज, मोटरला वेग घेताच आला नाही?"

"तर उलटा दाब तयार होणार नाही. साठ अँपियर वाहतच राहतील, तारा तापतील..."

"म्हणून तो पडतो. त्याला शिव्या देऊ नकोस, तो आपल्याला जपतोय."

म्हणजे मोटरला वेग घेऊ न देणारं कोणीतरी पंपाच्या बाजूला होतं. स्विच पुन्हा बंद करून मी पंपाचं मोठं चाक हाताने फिरवलं. ते अर्धवट फिरलं, घट्ट झालं आणि माझा हात मागे ढकलत उलटं आलं.

"पंप जाम झालाय!"

"जाम झालेलं चाक मागे ढकलतं का?" आजोबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

नाही ढकलत. मागे ढकलतंय म्हणजे आत दाब आहे. आणि दाब म्हणजे... मी टाकीकडे बघितलं.

खटपट्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. तो म्हणाला, "टाकीच्या तोंडाशी एकमार्गी झडप (हवेला आत सोडणारं, पण परत येऊ न देणारं दार) असते. तिच्यात कचरा अडकला आहे. टाकीतली हवा उलटी येऊन पंपाच्या दट्ट्यावर बसली आहे. उपाय सोपा. टाकी रिकामी करा, झडप पुसा."

"तुला कधीपासून माहीत होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून. कस्तुरी स्वतः टाकीपर्यंत पोचेपर्यंत कारण सांगू नको, असं आजोबांनी सांगितलं होतं."

मी आजोबांकडे वळले. ते चष्मा पुसत होते. "टाकीची हवा सोडायची एक चावी तर उघडायची, कस्तुरी. मी रोज तेवढ्यासाठी येतो आणि काटा बघून परत जातो. तू शाळेत असतेस तेव्हा. माझी लेक होती गं ती."

मी टाकीला मिठी मारली. "नाही सोडायची! तिने भरलीय ती!"

आजोबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "भंगारवालाही कापण्याआधी चावी उघडणारच. हवा कशीही राहणार नाही, बाळा. यंत्र तेवढं वाचवता येईल."

हे खरं होतं, आणि त्या क्षणी मला ते मुळीच आवडलं नाही.

"नुसती नाही सोडायची," मी शेवटी म्हणाले.

अंगणात एक छोटी नाव उपडी होती. आईने तिची एक बाजू निळी केली होती, दुसरी कोरडीच होती. मी तोंडाला मास्क बांधला आणि आईची रंग फवारायची बंदूक हातात घेतली. आजोबांनी नळी धरली. सूंऽऽ करत रंग उडू लागला. काटा सातवर आला, मग पाचवर. मी घाई केली नाही, पण हवा माझ्यासाठी थोडीच थांबणार? टोकाशी वीतभर जागा उरली असताना रंगाचे ठिपके पडू लागले, आवाज बारीक होत गेला आणि थांबला. काटा शून्यावर आला. आजोबा आणि मी नावेला टेकून पोटभर रडलो.

खटपट्याने झडप पुसून बसवली, मी पट्टा चढवला. बटण दाबलं. घुंऽऽ... आणि धगधगधगधग! ब्रेकर तसाच उभा. काटा एकवर आला, दीडवर आला. आता आत भरत होती ती आमच्या अंगणातली साधीच हवा होती. वीतभर जागेला मात्र तीच लागणार होती.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला आणि कोणीतरी धावत आलं. मामा होता. पायात चप्पल नव्हती. दारातूनच त्याने हाक मारली, "आक्का?"

मग त्याला मी दिसले. तो उंबऱ्यावर मटकन बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

तोंडावरचे हात काढून तो म्हणाला, "जळाली नव्हती व्हय मोटर?"

"नाही मामा."

"मग झालं हुतं तरी काय? नीट सांग मला."

मी पट्टा काढल्यापासून सांगायला लागले. यंत्र चालूच होतं, त्यामुळे मला ओरडून बोलावं लागत होतं. या वर्कशॉपमध्ये आई तसंच बोलायची.