ओलं होतं तोवर

"वहिनी, घट्ट धरा हां... सीट हलू देऊ नका!"

विशाखानं धरली. अंगातलं सगळं बळ लावून, दोन्ही हातांनी धरली... आणि ज्या सीटवर बसून तिनं आपल्या संसाराचे सगळे सुखाचे दिवस पाहिले होते, त्या सीटखालच्या लोखंडावर तिच्या डोळ्यांदेखत करवत चालू लागली! पुंडलिकनगरातल्या त्या दोन खोल्यांपुढच्या चिंचोळ्या अंगणात लोखंडाचा कीस पडत होता. तिचा धाकटा दीर बन्सी घामानं निथळत होता, पण चेहरा कसा फुलला होता त्याचा! मोटारसायकलचा मागचा तुकडा सुटला, सीट विशाखाच्या हातात आली, आणि आता ती कुठं ठेवावी हेच तिला सुचेना.

"द्या फेकून," बन्सी म्हणाला. "आता एकट्याचीच गाडी हाय ही."

एकट्याचीच! त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण सरळ मनाची माणसंच कधीकधी किती खोल घाव घालून जातात, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो...

गाडी राजेंद्राची, विशाखाच्या नवऱ्याची. तीन वर्षांमागच्या दुष्काळात तो कंपनीतून सुटल्यावर गाडीला कॅन अडकवून पाणी आणायला जायचा. एका संध्याकाळी गाडी बाजूला स्टँडवर लावून तो रांगेत उभा होता, आणि उलटा मागं येणाऱ्या टँकरनं त्याला भिंतीशी चिरडलं. गाडीवर मात्र ओरखडाही उठला नाही! माहेरचे विशाखाला न्यायला आले, दुसरं घर पाहतो म्हणाले; पण म्हातारी सासू चंपाबाई आणि गावी मामाकडं शिकणारा बन्सी, यांना वाऱ्यावर सोडून जायला तिचं अंतःकरण धजलं नाही. तिनं बन्सीला शहरात आणलं आणि ब्लाउज शिवून शिवून त्याचं आयटीआय पुरं केलं.

शिकून तरी काय झालं? पाण्यावाचून कंपन्यांच्या पाळ्या बंद पडत होत्या. बीड बायपासच्या पलीकडं इमारतींवर इमारती चढत होत्या, त्या इमारतींत नळ होते, नळांत पाणी नव्हतं. आणि बन्सीला त्या सगळ्या वाढत्या शहरात कुठंच काम नव्हतं. शेवटी पुण्यात जुन्या गाड्यांना नवं रूप देणारा एक गॅरेजवाला म्हणाला, स्वतःच्या हातानं केलेली एक गाडी घेऊन ये, पसंत पडली तर तुला कामाला ठेवून घेईन. तेव्हापासून पोराला दुसरं काही सुचत नव्हतं. मागची लांब सीट काढायची आणि तिथं गोल, उठावाची, एकट्यापुरती टेल, म्हणजे गाडीची शेपटी, बसवायची!

विशाखा नाही म्हणाली नाही. तिनं कधी कशाला नाही म्हटलं होतं?

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं राजेंद्राला मरून लोकरीचा स्वेटर विणला होता. रविवारी सकाळी दोघं वेरूळच्या लेण्यांत जायची, आणि दौलताबादचा घाट चढेपर्यंत तिचा गाल त्या लोकरीवर टेकलेला असायचा. रस्ता तिनं कधी पाहिलाच नाही. पाहिली ती फक्त पाठ! कोपर फाटलं तेव्हा शहागंजाच्या बाजारात तशी लोकर मिळेना, म्हणून तिनं हिरव्या लोकरीचं रफू केलं. राजेंद्र पोटभर हसला आणि तसाच घालून कंपनीत गेला. तो स्वेटर आता तिच्या ट्रंकेत होता. न धुतलेला.

"अगं, किती दिस ठिवशील तसाच? कसर लागंल त्याला," चंपाबाई म्हणायची.

"पाणी कुठंय, आत्याबाई?"

ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण निराळंच होतं... त्या लोकरीला अजून राजेंद्राचा वास होता, घामाचा, मशीनच्या तेलाचा. ज्या दुष्काळानं साऱ्या मुलखाला रडवलं, त्यानं या अभागिनीला न धुण्याचं तेवढं एक निमित्त दिलं होतं!

बन्सीनं सळ्या वाकवून टेलचा सांगाडा बांधला, वेल्डिंगवाल्याकडून गाडीला जोडून आणला. "आता ह्यावर ताणायला कापड पाहिजे, वहिनी. वरून रेझिन, ते चिकट रसायन, लावलं की दगड झालाच म्हणून समजा."

विशाखा शहागंजात अस्तर आणायला निघाली होती. "खाटंखाली जुन्याचं बोचकं हाय, त्यातलं घे काय पण," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

तिला कुठं ठाऊक होतं! आदल्या दिवशी नळ आला तेव्हा चंपाबाईनं, बिचारीच्या मनात मायाच होती, सुनेच्या नकळत तो स्वेटर धुवायला काढला होता. बादली भरायच्या आत नळ गेला, आणि पुन्हा नळ आला की धुवू म्हणून म्हातारीनं तो कोरडाच त्या बोचक्यात खुपसून ठेवला होता.

ती परतली तेव्हा अंगणात उग्र वास कोंदला होता. बन्सी ब्रश हातात घेऊन उभा होता.

"वहिनी, बघा की! लोकरीचं सापडलं, काय मस्त ताणलं म्हणता! बोट नका लावू, अजून ओलं हाय."

तिनं पाहिलं. मरून टाके... एकेक टाका तिच्या बोटांच्या ओळखीचा! पाठीचा भाग टेलच्या उठावावर ताणून बसवलेला, बाह्या कापून खालच्या बाजूला लावलेल्या, आणि तिथं, कडेला, हिरवं रफू. बन्सीनं भावाला त्या स्वेटरमध्ये कधी पाहिलंच नव्हतं. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

"वाळायला किती वेळ लागतो रे?" तिनं कसंबसं विचारलं.

"अर्धा तास. मग छिन्नीनं बी निघायचं नाय."

"आन् आत्ता?"

"आत्ता निघंल की. पण मग समदं वाया. रेझिन संपलं, आन् परवा तर पुण्याला जायचंय." त्यानं तिच्याकडं पाहिलं. "काहून, वहिनी?"

एक शब्द... एक शब्द उच्चारला असता तर त्यानं तत्क्षणी सगळं ओरबाडून काढलं असतं! तो शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता. पण त्या पोराच्या डोळ्यांत कित्येक महिन्यांनी उजेड दिसत होता, आणि तो आपल्या हातानं विझवण्याचं सामर्थ्य त्या दुबळ्या जिवात नव्हतं.

"काय नाय," ती म्हणाली. "झ्याक झालंय."

आणि ती पायरीवर बसून राहिली. लोकर चकाकत होती, मग हळूहळू ती चकाकी मंदावली. विशाखानं नजर हलवली नाही. बन्सीनं येऊन बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं तेव्हा टक्क असा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी बन्सी पॉलिश पेपर घासत होता. पुट्टी आणि काळा रंग वरून चढायचा होता, खालची बाजू तशीच उघडी राहणार होती. चंपाबाई चहा घेऊन आली, सहज वाकली, आणि तिच्या हातातली कपबशी खाली पडली.

"आरं मेल्या... हे तर माझ्या राजूचं स्वेटर! हे रफू हिच्या हातचं हाय!"

बन्सी आधी आईकडं, मग दारात उभ्या विशाखाकडं पाहत राहिला.

"तुम्ही... तुम्ही काल बघितलं होतं. ओलं होतं तवाच बघितलं होतं ना, वहिनी?"

बन्सीनं हंबरडा फोडला, हातोडी उचलली, आणि ती टेलवर पडणार एवढ्यात विशाखानं त्याचा हात धरला.

"फोडून काय मिळंल, बन्सी? ते बी जाईल आन् हे बी."

"मी तुमची जागा कापली, वहिनी! तुमच्याच हातात सीट देऊन कापली... आन् तुम्ही मला सांगितलं बी नाय!" तो तिच्या पायांशी कोसळला. तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, आणि त्या तिघांच्या आसवांना त्या दिवशी मात्र कसलाच दुष्काळ नव्हता. त्या रात्री विशाखानं पहिल्यांदाच दोघांना सगळं सांगितलं, तो घाट, लोकरीवर टेकलेला गाल, आणि लोकरीतला तो वास.

पुण्याला निघायची सकाळ उजाडली. गाडी काळीभोर, देखणी दिसत होती. पसंत पडली तर गाडी गॅरेजातच राहायची होती, नमुना म्हणून. बन्सीनं किल्ली लावली, पण त्याचे पाय उचलेनात.

"वहिनी... एक डाव टेका की. घाटात टेकायच्या तशा."

विशाखा मागं गेली. वाकली. त्या गोल उठावावर तिनं गाल टेकला, डोळे मिटले. गार होतं. गुळगुळीत होतं. तिनं खोल श्वास घेतला. रंगाचा दर्प नाकात शिरला आणि त्याच्याखाली, त्याच्या आतही, तिनं किती शोधलं तरी...

"येतो का, वहिनी?" बन्सीनं मान वळवून विचारलं. "दादाचा वास... येतो का काय?"

"येतो रे," ती म्हणाली. "अजून येतो. जा आता निवांत."

त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. गाडी गल्लीच्या टोकाला वळली, आणि ती काळी पाठ दिसेनाशी झाली.

चंपाबाई सुनेजवळ आली. "खरंच येतो का गं?"

"नाय, आत्याबाई."

म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. तेवढ्यात शेजारची ओरडली, नळ आलाय म्हणून. विशाखानं डोळे पुसले, बादली उचलली, नळाखाली लावली. त्या दिवशी पाणी खूप वेळ टिकलं. दोन्ही बादल्या भरल्या, हंडे भरले, तरी धार चालूच होती.